गोष्ट आधी की चाल आधी?

गाण्याची आवड असलेला माणूस कधी ना कधी हा प्रश्न विचारतोच. सबंध गोष्ट गाण्यातून सांगायची, युरोपात ज्याला ऑपेरा म्हणतात तसलं काहीतरी रचायचं, तर सुरुवात कुठून करायची? पेटी पुढ्यात ओढायची की कागद? आधी चाल सुचावी लागते की आधी गोष्ट? आणि रीतसर गाणं शिकलेलो नसलो तर या वाटेला जावं की नाही?

उत्तरासाठी मिलान किंवा व्हिएन्ना गाठायची गरज नाही. कुंभकोणमपर्यंत गेलं तरी पुरे.

1. शहाजीराजपुरम

कुंभकोणमजवळ, कावेरीच्या काठी तिरुविसनल्लूर हे गाव आहे. त्याचं आणखी एक नाव शहाजीराजपुरम. हे शहाजी म्हणजे शिवरायांचे वडील नव्हेत, तर त्या वडिलांचे नातू. शिवरायांचे सावत्र भाऊ व्यंकोजी यांनी तंजावरात राज्य उभं केलं आणि 1684 साली त्यांचा मुलगा गादीवर आला, आजोबांचंच नाव घेऊन. या शहाजीराजांनी 1693 मध्ये हे गाव 46 विद्वानांना इनाम दिलं. ‘जानकीपरिणय’ हे संस्कृत नाटक लिहिणारे रामभद्र दीक्षित त्यांतले. राजावरच ‘शाहेन्द्रविलास’ हे काव्य रचणारे श्रीधर वेंकटेश, ज्यांना लोक अय्यावाळ म्हणतात, तेही इथलेच.

राजा स्वतः लिहिणारा होता. रागांच्या लक्षणांवर त्याचा ग्रंथ आहे. तेलुगूत त्याने ‘पल्लकी सेवा प्रबंधम्’ हे गेय नाटक रचलं. मराठीत ‘लक्ष्मीनारायणकल्याण’ लिहिलं, ते 1690 च्या सुमाराचं मानतात. म्हणजे विष्णुदास भाव्यांनी सांगलीत 1843 साली ‘सीतास्वयंवर’ उभं केलं, त्याच्या दीडशे वर्षं आधी कावेरीकाठी मराठी नाटक लिहिलं गेलं होतं, आणि तेही गाणारं. मराठी रंगभूमीचा इतिहास सांगताना आपण हे एका वाक्यात उरकतो. माझ्या मते तंजावरची ही नाटकं इतिहासापेक्षाही शिकण्यासाठी जास्त कामाची आहेत. त्यांचे सांधे उघडे दिसतात. कुठे गद्य संपलं, कुठे पद्य लागलं, गाणं कशासाठी आलं, हे सगळं वाचताना स्पष्ट कळतं. शिकणाऱ्याला हेच हवं असतं.

2. आधी ठरवा, काय गायचं नाही

नवा माणूस पहिली चूक करतो ती ही की तो सगळंच गायला लावतो. “या, बसा, पाणी घ्या” यालाही चाल. दहा मिनिटांत ऐकणारा थकतो, आणि खरं गाणं येतं तेव्हा त्याचे कान बंद झालेले असतात.

इटलीत 1600 च्या आसपास ऑपेरा जन्माला आला तेव्हा तिथल्या रचनाकारांसमोरही हाच पेच होता. मॉन्तेवेर्दीच्या 1607 सालच्या ‘ओर्फेओ’त त्याची उकल दिसते आणि पुढच्या शतकात तिची पक्की रीत झाली. गायनाचे दोन प्रकार पडले. एक बोलण्याच्या लयीतलं: सूर आहेत, पण ताल बांधून घातलेला नाही, शब्द झरझर पुढे जातात, गोष्ट सरकते. त्याला रेसिटेटिव्ह म्हणतात. दुसरा प्रकार म्हणजे बांधीव गाणं, आरिया. त्यात गोष्ट थांबते आणि पात्राच्या मनात काय चाललंय ते उलगडतं. एक प्रकार चालतो, दुसरा थांबतो. एवढं उमगलं की अर्धं काम झालं.

तंजावरच्या नाटकांत अशी साधनं दोनच नाहीत, बरीच आहेत. केळीच्या पानावर जसं मीठ, चटणी, कोशिंबीर, भात यांची जागा आणि वेळ ठरलेली असते, तसं यांचं आहे. दोन प्रसंग जोडणारं साधं गद्य असतं, त्याला संधिवचन म्हणतात. भरभर कथा सांगायची असेल तर द्विपद: दोन-दोन ओळींचा छंद, एका सोप्या चालीत शंभर ओळीही जाव्यात. भावनेची उकळी आली की दरू, म्हणजे ताल-रागात बांधलेलं, ध्रुपद आणि कडवी असलेलं गाणं. दोन पात्रांचा वाद असेल तर संवाद दरू. पात्र पहिल्यांदा येतं तेव्हा प्रवेश दरू. आणि शेवटी मंगळ, म्हणजे सर्वांच्या कल्याणाचं गाणं. ते बहुधा सौराष्ट्र किंवा सुरटीसारख्या रागात असतं, त्यामुळे तो सूर लागला की लोक चपला शोधू लागतात.

म्हणून कागदावर गोष्ट लिहून झाली की प्रत्येक वाक्याच्या कडेला खूण करायची: हे बोलायचं, हे सरसर म्हणायचं, हे थांबून गायचं. तिसऱ्या प्रकारच्या खुणा जितक्या कमी तितकी रचना चांगली, असं मी धरून चालतो.

3. कोण गातो?

हा प्रश्न साधा वाटतो, पण याच प्रश्नावर आपल्या रंगभूमीचं वळण ठरलं.

विष्णुदास भाव्यांच्या नाटकात पदं सूत्रधार म्हणायचा. पात्रं त्यावर हावभाव करायची आणि मधलं बोलणं ऐनवेळी जुळवायची. सीता रडते आहे, पण तिचं रडणं गातो कोण? तर बाजूला उभा असलेला दाढी-मिशांचा सूत्रधार. अण्णासाहेब किर्लोस्करांनी 1880 साली ‘संगीत शाकुंतल’ केलं तेव्हा पात्राच्या तोंडी पात्राचं गाणं दिलं. शकुंतला स्वतः गाऊ लागली. आज यात विशेष काय असं वाटेल, पण रचणाऱ्यासाठी सगळंच बदलतं. सूत्रधाराचं गाणं ‘ती’ म्हणतं, पात्राचं गाणं ‘मी’ म्हणतं. ‘ती’ला सगळं माहीत असतं, पुढे काय होणार तेसुद्धा. ‘मी’ला फक्त आत्ताचं.

तंजावरकडच्या भागवत मेळ्यात याची मधली वाट सापडते. मेलट्टूर गावी नरसिंह जयंतीच्या सुमारास ही नाटकं अजून होतात. सगळी पात्रं पुरुष करतात. सुरुवातीला कोनंगी नावाचा विदूषक नाचून जातो, मग मंगलाचरण, मग गणपतीचा मुखवटा घातलेलं लहान मूल. मुख्य पात्र आलं की दोघेजण हातांत पडदा धरून उभे राहतात, आणि त्यामागून पात्र यायच्या आधी त्याचं वर्णन गाण्यातून येतं: कसा दिसतो, काय ल्यालाय, किती ताठ्यात आहे. हाच तो प्रवेश दरू. म्हणजे पात्र स्वतः काही बोलण्याआधीच आपल्याला त्याचा स्वभाव चालीतून कळलेला असतो. हिरण्यकशिपूचा डौल आधी तालात ऐकू येतो, मग डोळ्यांना दिसतो.

शहाजीराजांच्या ‘पंचभाषाविलास’ या नाटकात तर एका नाटकात पाच भाषा आहेत: संस्कृत, तेलुगू, तमिळ, मराठी आणि हिंदी. दरबारात या पाचही भाषा कानांवर पडत असणार, तेव्हा राजाने त्या सरळ पात्रांमध्ये वाटून टाकल्या. शिकणाऱ्याने यातून उचलायचं ते असं: प्रत्येक पात्राची बोली वेगळी ठेवलीत, तर चालही आपोआप वेगळी होते. कोकणी म्हातारीचं वाक्य आणि पुण्याच्या शास्त्रीबुवांचं वाक्य एका चालीत बसूच शकत नाही. बसलं, तर दोघांपैकी एकाचं वाक्य खोटं आहे.

4. गोष्ट छोटी घ्या

‘पल्लकी सेवा प्रबंधम्’ची गोष्ट किती मोठी आहे? जवळजवळ नाहीच. गौरी तिरुवारूरच्या त्यागेशाच्या, म्हणजे शंकराच्या, विरहात आहे. सख्या त्याला पालखीतून तिच्याकडे आणतात. बस्स. पण त्यात विरह आहे, वाट पाहणं आहे, पालखीची चाल आहे, भेट आहे. प्रत्येकाला गाता येतं. तिरुवारूरच्या देवळात हे नाटक पिढ्यान्‌पिढ्या गायलं गेलं, म्हणून चालींसकट टिकलं, आणि पी. सांबमूर्ती यांनी 1955 मध्ये ते स्वरलिपीसह छापलं.

कर्नाटक संगीतातले रचनाकार त्यागराज यांचं ‘नौकाचरित्रम्’ हे गेय नाटकही तसंच. गोपी कृष्णाला घेऊन यमुनेत नाव लोटतात, गर्व करतात, वादळ येतं, नावेला भोक पडतं, गर्व उतरतो. ही कथा भागवतात नाही, त्यागराजांनी स्वतः रचली. नाव एक, नदी एक, संध्याकाळ एक. वादळ उठवायला गाण्याशिवाय दुसरं काही लागत नाही. ज्याला महाभारत गाऊन दाखवायचंय त्याने आधी हे ऐकावं.

विषयाचं मात्र बंधन नाही. तंजावरच्याच सरफोजीराजांच्या मराठी ‘देवेंद्र कुरवंजी’त डोंगरातली भविष्य सांगणारी बाई चक्क जगाचा भूगोल गाऊन सांगते. हा प्रयोग मला तितकासा रुचत नाही. भूगोलाला विरह होत नाही आणि गर्वही उतरत नाही. पण गाण्याने काय काय पेलता येतं, त्याची ती एक टोकाची परीक्षा आहे.

5. करून पाहू: विहिरीतली गंगा

आता तिरुविसनल्लूरचीच एक कथा घेऊ. अय्यावाळांच्या घरी श्राद्ध होतं. स्वयंपाक तयार, ब्राह्मण यायचे आहेत. इतक्यात दाराशी एक भुकेला माणूस आला, त्या काळी अस्पृश्य मानलेल्या जातीचा. अय्यावाळांनी श्राद्धाचं अन्न त्याला वाढलं. ब्राह्मण संतापले: आता काशीला जाऊन गंगास्नान केल्याशिवाय तुमच्या घरी कुणी जेवणार नाही. काशी कुठे, कावेरी कुठे, आणि श्राद्ध तर आजच व्हायला हवं. अय्यावाळांनी गंगेची स्तुती केली आणि गंगा त्यांच्या घरच्या विहिरीत उसळली. पाणी गावात शिरलं. तेच ब्राह्मण हात जोडून आले, तिला आवरा म्हणाले. दर कार्तिक अमावास्येला लोक अजून त्या विहिरीवर स्नानाला जमतात.

ही कथा गाण्यासाठी का चांगली? तिच्यात घड्याळ आहे. श्राद्ध आज नाही झालं तर चुकलं. वेळ संपत येते हे लयीतून दाखवता येतं. दुसरं, तिच्यात उलथापालथ आहे: जे धमकावतात तेच विनवतात.

खुणा करू. श्राद्धाची तयारी, घरातली लगबग: गद्य, थोडक्यात. भुकेल्याचं येणं: प्रवेश दरू नको, तो डौलाने येत नाही. त्याला एकच ओळ द्या, बिनतालाची. अय्यावाळांचा निर्णय: इथे थांबायचं, इथे गाणं. ब्राह्मणांचा संताप: समूहगान, जलद, तालाचे ठोके स्पष्ट. अय्यावाळ एकटे विहिरीशी: पुन्हा गाणं, सगळ्यात लांब. पाणी चढतं: समूह. ब्राह्मणांची विनवणी: समूह. पाणी उतरतं, मंगळ.

गंगेला पात्र म्हणून आणायचं का? परंपरेप्रमाणे पाहिलं तर तिला प्रवेश दरू द्यायला हवा, आणि चांगली गायिका हाताशी असली तर मोह सुटत नाही. मी आणणार नाही. ती गायला लागली की ती एक बाई होते. गाव गात राहिलं, तर ती पाणी राहते. वेगवेगळ्या घरांतून एकेक आवाज उठतो, उंबऱ्याशी पाणी आलं, चुलीत गेलं, आणि प्रत्येक आवाज आधीच्यापेक्षा एका सुराने वर लागतो. ऐकणाऱ्याच्या कानांत पाणी चढतं. मंचावर निळं कापड हलवण्यापेक्षा हे कितीतरी परिणामकारक, आणि फुकट.

ब्राह्मणांच्या दोन समूहगानांसाठी वेगळ्या चाली करू नका. धमकीची चाल आणि विनवणीची चाल एकच ठेवा. पहिल्यांदा दुगणीत, दुसऱ्यांदा ठायीत, अर्ध्या गतीने. शब्द वेगळे, सूर तेच. ऐकणाऱ्याला कुणी सांगावं लागत नाही की माणसं तीच आहेत आणि त्यांचं काय झालं. संगीत नाटकात सांगण्याची जी खास ताकद असते ती इथे आहे. नुसत्या शब्दांना हे जमणार नाही.

6. आता चाल

इथपर्यंत आलात आणि एकही सूर लावलेला नाही, हे लक्षात आलं असेल. म्हणजे सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं: आधी गोष्ट, मग खुणा, मग शब्द, मग चाल. पण शब्द लिहितानाच चाल कानांत असावी लागते, आणि ती स्वतःची असण्याची पहिल्यांदा मुळीच गरज नाही. किर्लोस्करांच्या छापील नाटकांत पदाच्या वर राग, ताल आणि ‘चाल’ असं लिहून एखाद्या जुन्या प्रसिद्ध गाण्याचा पहिला शब्द दिलेला सापडतो. कीर्तनातल्या, लावणीतल्या, कर्नाटकी अशा लोकांच्या ओठांवरच्या चाली त्यांनी घेतल्या. त्यात कमीपणा नव्हता. संगीत नाटकासाठी वेगळ्या संगीतकाराकडून चाली घेण्याची मोठी उदाहरणं नंतरची: ‘मानापमान’साठी 1911 मध्ये गोविंदराव टेंबे, ‘स्वयंवर’साठी 1916 मध्ये भास्करबुवा बखले.

शिकणाऱ्यासाठी सगळ्यांत सोयीचे म्हणजे आपले कीर्तनी छंद: साकी, दिंडी, ओवी, अंजनीगीत. त्यांची चाल छंदातच असते. मात्रा किंवा अक्षरं मोजून ओळ लिहिली की ती गाता येते. गंमत म्हणजे हे छंद तंजावरलाही पोचले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोरगावकर बुवांसारख्या मराठी कीर्तनकारांची कीर्तनं तिथे झाली, तंजावर कृष्ण भागवतरांनी त्या पद्धतीवरून आपली हरिकथा घडवली, आणि तमिळ हरिकथेत साकी-दिंडी रुजल्या. इकडे महाराष्ट्रात ‘सौभद्रा’त किर्लोस्करांनीही साकी-दिंड्याच वापरल्या. एकाच काळात, दोन टोकांना, एकच हत्यार.

साकीच्या ओळीत 28 मात्रा. 16 वर विसावा, मग 12. ऱ्हस्व अक्षराची एक मात्रा, दीर्घाची दोन. अय्यावाळांचा निर्णय साकीत बसवून पाहू:

दारी आला क्षुधित पाहुणा, हात जोडुनी राही
पितरांआधी जेवो तो, मग पितरां उणे न काही

मोजून बघा. ‘दारी आला’ आठ, ‘क्षुधित’ तीन, ‘पाहुणा’ पाच: सोळा. ‘हात जोडुनी’ आठ, ‘राही’ चार: बारा. दुसऱ्या ओळीत विसावा ‘मग’वर येतो. म्हणजे वाक्य पुढच्या तुकड्यात ओढलं जातं आणि गाणारा क्षणभर त्या ‘मग’वर अडकतो. निर्णय घेणारा माणूस तसाच अडकतो. अशी अडचण शब्दांत सापडली तर ती दुरुस्त करू नका, तिच्यावरच सूर ठेवा.

‘भुकेला’ऐवजी ‘क्षुधित’ घातलं ते मात्रांसाठी, आणि ते मला खुपतंय. दारात उभ्या माणसाला संस्कृत शब्द चिकटवला की तो पोथीतला होतो. पण बोलणारे पंडित आहेत, त्यांच्या तोंडी चालेल अशी मी समजूत घालतो. तुम्ही ‘भुकेला’ बसवून बघा, 13 मात्रा होतील आणि तीनच उरतील.

राग निवडताना पुस्तकातली रसांची कोष्टकं फार मनावर घेऊ नयेत. अडाण्यात वीररस, जोगियात करुण, इतपत ठीक. रचणाऱ्याला त्याहून उपयोगी प्रश्न असा: आधीचं गाणं कुठल्या सुरावर संपलं? लागोपाठची दोन गाणी एकाच सुरावर, एकाच लयीत सुरू झाली की दुसरं मेलं. विहिरीशी अय्यावाळ एकटे गातात तो राग मंद्रातून सावकाश वर येणारा घ्या, कारण त्यानंतर समूहाला तिथूनच वर चढायचंय. गाणाऱ्याचा आवाज आधी ठरवा. पुरुष काळी एकमध्ये आणि समूहात बायका काळी चारमध्ये गाणार असतील तर समूहाची चाल मधल्या सहा-सात सुरांत कोंबावी लागते. ते बंधन आधीच कळलेलं बरं, तालमीत कळलं तर सगळी चाल फाडावी लागते.

7. कुठे आणि कधी

‘पल्लकी सेवा’ टिकली कारण तिला एक देऊळ होतं. मेलट्टूरच्या नाटकांना नरसिंह जयंती आहे. तुमच्या रचनेला जागा आणि दिवस आधीच नेमून ठेवला तर बरेच प्रश्न तिथेच सुटतात. उघड्या अंगणात गायचं असेल तर बारीक मुरक्या वाया जातात. माईक असेल तर समूहात चौघे पुरतात, नसेल तर दहा हवेत. रात्रभर बसणारे श्रोते असतील तर द्विपद लांबवा, पाऊण तासाचा कार्यक्रम असेल तर ते गद्यात उरका.

आणि सगळं पूर्ण व्हायची वाट पाहू नका. 31 ऑक्टोबर 1880 ला पुण्यात आनंदोद्भव नाटकगृहात ‘शाकुंतला’चा पहिला प्रयोग झाला तेव्हा सातांपैकी चारच अंक तयार होते. सातही अंकांचा प्रयोग पुढल्या वर्षी. ‘सौभद्र’ही 1882 मध्ये आधी तीन अंकांचंच रंगभूमीवर आलं. विहिरीच्या गोष्टीत ब्राह्मणांच्या संतापापर्यंत रचून झालं असेल तर मंडळी जमवा, पेटी-तबला मागवा आणि तेवढंच गाऊन पाहा. पाणी किती सुरांनी चढवायचं हे त्या मंडळींचे आवाज ऐकल्यावरच ठरवता येईल.